चिठ्ठीचं कलम

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा ते आमच्या सांगलीच्या इस्पितळाच्या ओसरीत, बाकावर उताणे पडले होते. डोळे मिटलेले, छातीवर तांबडा पटका, पायांत जाड कातडी पायताण. मला मेट्रन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वॉर्डातली फेरी आटोपून मी बाहेर आले, जवळ जाऊन विचारलं, "कुठं दुखतंय, बाबा?"

त्यांनी एक डोळा उघडला. "कुटंबी न्हाई. पर तुमी इचारायला लय येळ लावलासा, आक्का. तीन जनं मला वलांडून गेली. त्यातला एक डागदर हुता."

मग उठले, शांतपणे पटका बांधला आणि जिना चढून सरळ बड्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. हा माणूस मोटार कामगारांच्या आजार मंडळीचा सेक्रेटरी आहे आणि आमच्याशी कराराची बोलणी करायला आलाय, हे मला अर्ध्या तासानं कळलं. मला वर बोलावणं आलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते आणि बड्या डॉक्टरांचा चेहरा पडला होता.

लढाईची वर्षं होती ती. सातारा, वडूज, आटपाडी, तासगाव, सांगली अशा खाजगी मोटारी धावायच्या. त्यांवरचे ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक यांनी मिळून ही मंडळी काढली होती. दरमहा प्रत्येकानं काही द्यायचं आणि आजारी पडला की इस्पितळाचा भार मंडळीनं उचलायचा. आमच्या विश्वस्तांची इस्पितळं दोन, एक सांगलीत, दुसरं साताऱ्यात. शिवाय वडूजला एक दवाखाना. मंडळीचा आणि आमचा करार वर्षावर्षाला नवा व्हायचा. कोणाला घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, कोणतं दुखणं करारात आणि कोणतं बाहेर, सगळं त्यात लिहिलेलं असे. खाटा किती मोकळ्या असतात ते सांगायला मला त्या बैठकांना बसवत. म्हणून मी त्यांना इतकं जवळून पाहिलं.

मंडळीतले लोक त्यांना आबा म्हणत. मीही तेच म्हणू लागले. आटपाडीकडचे, मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातले. पहिल्या लढाईत बसऱ्याला लष्करी इस्पितळात डोलीवाले होते. ज्या जखमी हवालदाराला त्यांनी वाहून आणलं, त्यानंच खाटेवर पडल्या पडल्या त्यांना अक्षरं शिकवली. तिशी उलटल्यावर शिकलेला माणूस, पण कराराचा कागद असा वाचायचा की वकिलानं मान खाली घालावी. आणि वाचायचा तो निजून. आवारातल्या लिंबाखाली घोंगडं टाकायचे, उताणे व्हायचे, दोन्ही हातांनी कागद तोंडावर धरायचे. येणारे-जाणारे हसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हुब्यानं वाचलं की समदं ब्येस वाटतं, आक्का. ज्यो आडवा झालाय त्येला कसं वाटंल, त्ये आडवं झाल्याबिगर कळत न्हाई."

बैठकीत ते खुर्चीवर बसत नसत. उभ्यानंच टकळीवर लोकर कातत. चळवळीचे दिवस, त्यामुळं कोणाला वाटे हा त्यातलाच. एकदा आमच्या विश्वस्तांच्या अध्यक्षांनी तसं हटकलंसुद्धा. "न्हाई वो," आबा म्हणाले, "त्यास्नी कापूस लागतुया. मला मेंढरू लागतंय." समोरचा बोलत असेतो टकळी फिरत राही. एखादं वाक्य त्यांना खटकलं की ती थांबे. ती थांबली की बोलणाऱ्याची जीभ अडखळायची. आमचे अध्यक्ष हळदीचे मोठे व्यापारी, बाजारात भल्याभल्यांना गुंडाळणारे, पण तेही टकळीकडे बघत बघत बोलायचे.

ते फक्त आपल्या लोकांचेच होते असं मात्र नाही. एकदा एक मेकॅनिक पोटदुखी म्हणून दाखल झाला आणि दोन वेळचं जेवण चापून जेवू लागला. आबा भेटीला आले, त्याच्या खाटेशी उभे राहिले. मग त्याचं मनगट धरून म्हणाले, "ऊठ गड्या. ह्या खाटंवर उद्या कोन मरनार असंल त्येला जागा दे." तो निमूट उठला. ही गोष्ट बड्या डॉक्टरांनी लक्षात ठेवली होती. अध्यक्षांनीही ठेवली असावी. कारण आबा खोटं मागणार नाहीत याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, आणि त्यामुळंच त्यांच्याशी बोलणी अवघड जात.

त्या वर्षी सगळं अडलं ते एका कलमावर. मंडळीची चिठ्ठी दाखवल्याशिवाय तिच्या सभासदाला दाखल करायचं नाही, हे मागल्या करारात घातलेलं कलम विश्वस्तांना ठेवायचं होतं आणि आबांना काढायचं होतं. कारण अगदीच पोकळ नव्हतं. त्याआधी मंडळीचा माणूस आहे म्हणून कोणीही येई, आठ दिवस औषध घेई आणि मग मंडळी म्हणे हा आमचा नाहीच. लढाईमुळं औषधं मिळेनाशी झालेली, बँडेजं आम्ही धुऊन धुऊन वापरत होतो. साताऱ्याचं इस्पितळ बंद करावं लागेल अशी कुजबुज होती. अध्यक्षांनी स्वतःची जागा त्यासाठी दिली होती, ते बंद पडलेलं त्यांना पाहवलं नसतं.

पण चिठ्ठी देणार कोण? मंडळीचं ऑफिस सांगलीला. सभासद सतत रस्त्यावर. आज साताऱ्याला, उद्या वडूजला. त्यात साताऱ्याकडं चळवळ पेटलेली. तारा तुटलेल्या, टपाल अडकलेलं, नाक्यानाक्यावर पोलीस. चिठ्ठी पोचायला कधी कधी दोन दिवस लागत.

"आबा, बाकीचं तुमचं बरंच मान्य करतो," अध्यक्ष म्हणाले. "एवढं एक सोडा."

"त्येच एक माजं ठेवा. बाकीचं समदं मी सोडतो."

आणि खरंच सोडलं. स्वतंत्र खोली सोडली, रोजचं दूध सोडलं, जुन्या दुखण्यांचा आग्रह सोडला. एकेक मागणी खाली ठेवताना मी त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. अध्यक्षांना वाटलं, माणूस नरमला.

"मग चिठ्ठीचं कलम आमचंच राहू द्या," ते हसून म्हणाले.

टकळी थांबली. आबांनी ती कोनाड्यात ठेवली, टेबलावरच्या कपबशा एका बाजूला सारल्या, पायताण काढलं आणि त्या लांबलचक टेबलावर चढून उताणे निजले.

"हे काय चालवलंय?" अध्यक्ष खुर्ची मागं सारत म्हणाले.

"मी वडूजला हाय. कोळशाच्या गाडीची भट्टी उगडताना जाळ आंगावर आलाय. छाती सोललीया. तुमी दवाखान्याचं कंपौंडर. मागा चिट्टी."

पेट्रोल मिळत नसल्यानं तेव्हा मोटारींच्या पाठीमागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या. भाजलेली माणसं आमच्याकडे वरचेवर येत. अध्यक्षांनी हा खेळ संपवायचा म्हणून विचारलं, "बरं. चिठ्ठी आहे का?"

"न्हाई. हापिस सांगलीला हाय. तार तुटलीया. मोटार उद्या सकाळी."

"मग…" अध्यक्ष थांबले.

"मग काय? सांगा की. मी पडलोय हितं. कवा दाखल करता?"

आबा नुसते पडून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. शेवटी बडे डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "आबा, उठा."

"त्योबी म्हनला आसंल, उठवा मला," आबा छताकडं बघत म्हणाले. "सतरा-अठरा वर्साचा क्लीनर हुता आमचा. तुमच्या वडूजच्या ओसरीत दीस मावळायला आनला. चिट्टी न्हाई म्हनून ओसरीतच ऱ्हायला. चिट्टी घिऊन मीच गेलतो, दुसऱ्या दिशी दुपारी. त्येच्यावर घोंगडं टाकलं हुतं तवा."

आमच्या दप्तरात त्या मुलाबद्दल 'दाखल करण्यापूर्वी मृत' एवढेच शब्द होते. ते मी वाचले होते. पण त्या शब्दांत एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस भरलाय, हे मला ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आम्ही मारला त्याला? असं म्हणायचंय तुम्हाला?" कागद गोळा करून ते निघून गेले. महिनाअखेरीला करार संपला. माझ्या हातात लेखी हुकूम आला: नवा करार होईतो मंडळीच्या कोणाही माणसाला अध्यक्षांच्या परवानगीवाचून दाखल करू नये. खाली माझी पोच घेतली होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी शेवटची म्हणून बैठक बसली. अध्यक्ष, बडे डॉक्टर, मी आणि कोनाड्याशी उभे आबा. तासभर तेच ते चाललं होतं. तेवढ्यात खालून शिपाई धावत आला. तासगावच्या रस्त्यावर मोटार उलटली होती. उतारू किरकोळ खरचटलेले, पण ड्रायव्हर चाकाखाली सापडलेला. मंडळीचा सभासद. बैलगाडीत घालून आणला होता.

मी उठले. माझ्यामागं अध्यक्षांचा आवाज आला, "बाई, हुकूम लक्षात आहे ना?"

मी मागं न बघता जिना उतरले.

ड्रायव्हरची मांडी फाटली होती. कोणीतरी पटक्यानं घट्ट आवळलं होतं, तरी रक्त गाडीच्या फळीतून खाली ठिबकत होतं. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर दारात उभे, हातात माझ्याच सहीनं लावलेला हुकूम. "काय करू, मेट्रन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आत घ्या. जबाबदारी माझी." आणि दाखल-बुकात स्वतःच्या हातानं लिहिलं: नाव, मंडळीचा सभासद, चिठ्ठी नाही, तीन वाजून पाच मिनिटं. मग हात धुऊन आत गेले. रक्त थांबेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

वर आले तेव्हा साडेतीन वाजत होते. माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. दारातच थबकले. आबा टेबलावर वाकले होते. हातात अध्यक्षांचं फाउंटन पेन. सही करून ते शेजारी वेळ लिहीत होते, लष्करातली ती सवय. साडेतीन. बडे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"झालं," अध्यक्ष म्हणाले. "करार झाला. बाई, आता घ्या त्याला आत."

काय झालं ते मला एका क्षणात कळलं. मी खाली गेल्यावर कागद पुढं सरकवला गेला होता. चिठ्ठीचं कलम मान्य करा, म्हणजे खालचं दार उघडेल. आबांनी त्या माणसासाठी ते कलम देऊन टाकलं होतं. आणि तो माणूस तर केव्हाच आत होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लेखी हुकूम होता, माझी सही होती, वाईला आई आणि दोन भावंडं माझ्या पगारावर होती. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "हो."

आबांनी माझ्या बाह्यांकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वॉर्डात आले. ड्रायव्हर शुद्धीवर होता, त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग नेहमीसारखं दाखल-बुक मागितलं. आपली माणसं किती वाजता आत घेतली ते बघायची त्यांची जुनी रीत. मी बुक दिलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं. बुक मिटून माझ्या हातात दिलं.

"अक्षर लय चांगलं हाय तुमचं, आक्का," एवढंच म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, आता हे वर जाऊन बोलणार. चिठ्ठीवाचून माणूस दाखल झाला आहे, तुमच्याच मेट्रननं घेतलाय, मग माझी सही फसवून घेतलेली आहे, असं सांगायला त्यांना एवढी एक ओळ पुरेशी होती. मी रोज वाट बघत होते. पायऱ्यांवर पायताण वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराकडं बघायची. पण ते कोणाशीच काही बोलले नाहीत.

आठवड्यानं तो ड्रायव्हर ड्रेसिंग करून घेताना रडायला लागला. मला वाटलं, दुखतंय. "त्ये न्हाई, बाई," तो म्हणाला. "मोटार अड्ड्यावर लोकं आबास्नी शिव्या देत्यात. इस्पितळवाल्यांनी इकत घेतला म्हनत्यात. काल सभेत एकानं आंगावर पायताण फेकलं. आन आबा काय बी बोलंनात. म्या इचारलं, का सही केलीसा? तर म्हनले, केली."

ड्रेसिंग माझ्या हातातच राहिलं. आबांनी एक शब्द उच्चारला असता तर ते सुटले असते आणि माझी नोकरी गेली असती. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि मी आठवडाभर जेवत होते, झोपत होते.

त्याच दुपारी मी दाखल-बुक घेऊन वर गेले. अध्यक्ष आणि बडे डॉक्टर दोघं होते. बुक उघडून कराराच्या कागदाशेजारी ठेवलं. "तीन पाचला मी माणूस आत घेतला," मी म्हटलं. "साडेतीनला सही झाली. हुकूम मी मोडला. ती सही आबांनी जे दार बंद समजून केली, ते बंद नव्हतंच."

अध्यक्षांनी बोट ठेवून दोन्ही वेळा ताडून पाहिल्या. मग एकदम थकलेल्या आवाजात म्हणाले, "मी त्याला खाली मरू दिलं नसतं, बाई. खरंच सांगतो. आणखी पाच मिनिटं थांबून मीच परवानगी दिली असती."

"ते आबांना कसं कळावं?"

अध्यक्षांनी बुक मिटून बाजूला सारलं. बडे डॉक्टर मात्र उठून उभे राहिले. "ते कलम काढा," ते म्हणाले. "मी खिडकीतून बघत होतो. स्ट्रेचर आत जाताना मला दिसलं होतं. आणि मी गप्प बसलो." इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, पण त्यांना कोणाकडं मान वर करून असं बोलताना मी तेव्हाच पाहिलं.

कलम बदललं. माणूस आधी आत, चिठ्ठी आठ दिवसांत. सांगली, सातारा, वडूज, तिन्ही ठिकाणी. आणि हुकूम मोडल्याबद्दल माझी बदली वडूजच्या दवाखान्यावर झाली. पगार तेवढाच राहिला. अध्यक्षांनी त्याहून जास्त काही केलं नाही, हेही सांगायला हवं.

मंडळीनं आबांची माफी मागितली. ज्यानं पायताण फेकलं होतं तोच हार घेऊन आला, असं ऐकलं. पण आबांनी सेक्रेटरीपण सोडलं. किती विनवण्या केल्या तरी ऐकेनात. माझ्या बदलीच्या दिवशी सकाळी मी मोटारीत चढले तर ते आधीच बसलेले, आटपाडीला परत निघालेले. विट्यापर्यंत आमची वाट एकच होती. मला वाटलं होतं, ते दोन शब्द बरे बोलतील. ते चिडले होते.

"तुमी कशाला बोलला? तुमच्या मागं मानसं हायती. मी काडली आसती कायतरी वाट."

"आणि शिव्या खात बसला असता?"

"शिव्यांनी काय हुतंय?"

तासगाव मागं पडलं. मोटार कोळशाच्या धुरात खोकत चढण चढत होती. मी विचारलं, "आता तर कलम मिळालं. लोकांना खरं कळलं. मग का सोडलंत?"

"सही माजीच हुती, आक्का. कुनी हात धरून करून घ्येतली न्हाई. त्यास्नी आता ठावं झालंय, ह्येला कुटं दाबायचं त्ये. फुडल्या साली पुन्यांदा कुनाला तरी दारात ठेवतील. आन मी पुन्यांदा सही करीन. असल्या मानसानं बोलनी करू न्हाई."

विटा आलं. ते घोंगडं खांद्यावर टाकून उतरले. मी खिडकीतून डोकं काढलं. "मग दारात माणूस मरत असला तरी सही न करणारा कोणी शोधा, आबा."

ते थांबले. मोटारीचा धूर दोघांच्या मधून गेला. मग त्यांनी मान हलवली.

"तसला नगं," ते म्हणाले. "तसल्याच्या हातात आमची मानसं कशी द्याची?"

"मग कोण हवा?"

क्लीनरनं दार लावलं, गाडी हलली. ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते, काहीतरी सांगायचं राहिलंय अशा चेहऱ्यानं.